नाचणीचे पीठ आणि नाचणीचे सत्त्व

कोकणात थंडी अशी फारशी पडत नाही. पण पहाटेचे मतलई वारे अंगाला झोंबू लागले आणि वरकस जमिनीवरची नवी नाचणी झोडून घरात आली की न्याहरीचे प्रयोग सुरू होतात. कोणी दुधातल्या ओट्सऐवजी नाचणी शिजवून पाहतो, तर कोणी नाताळच्या निमित्ताने नाचणीचा केक करायला घेतो. अशा वेळी दुकानाच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवलेली ‘नाचणी पीठ’ आणि ‘नाचणी सत्त्व’ ही दोन पाकिटे हमखास घोटाळा करतात. त्यांच्या रंगात थोडा आणि किमतीत बराच फरक असतो. तरीही एकाच्या जागी दुसरे चालते, असे सर्रास सांगितले जाते. पातेल्यात शिजवून खाण्यापुरते ते एक वेळ चालून जाते, पण ओव्हनमध्ये मुळीच चालत नाही.

पीठ म्हणजे अख्खी नाचणी दळून केलेले पीठ. मोहरीएवढ्या या दाण्याचे तांबूस साल आतल्या गराला इतके घट्ट चिकटलेले असते की तांदळाप्रमाणे नाचणी सहजासहजी सडता येत नाही, आणि म्हणून साल पिठात येतेच. ते येते हे चांगलेच आहे, कारण ज्या कॅल्शियमसाठी नाचणीचे नाव घेतले जाते, त्याचा मोठा वाटा या सालातच असतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम भरते.

सत्त्वाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ येतात. पहिला जुन्या पद्धतीचा. आमच्या घरी नाचणी रोवळीत धुऊन रात्रभर भिजत घालत, ओल्या फडक्यात बांधून तिला मोड आणत, मग पाणी घालून वाटत आणि पंच्यातून गाळत. पातेल्यात तासा-दोन तासांनी वर गढूळ पाणी राही आणि तळाशी फिकट गुलाबी, गुळगुळीत साका बसे. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकून तो साका ताटात वाळवला की सत्त्व तयार होई. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते आंबते, म्हणून हे काम थंडीतले. दुसरी पद्धत कोरडी: मोड आलेली नाचणी वाळवून, किंचित भाजून दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचे. बाजारात ‘सत्त्व’ म्हणून मिळते ते बहुधा हे दुसरे.

दोन्ही शिजवून पाहिली की फरक लगेच कळतो. साक्याचे सत्त्व जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च) असल्याने दुधात कॉर्नफ्लोअरसारखे चटकन दाटते आणि चकाकते. कोरड्या पद्धतीच्या सत्त्वाची पेज मात्र तेवढ्याच पिठाच्या पेजेपेक्षा पातळ राहते, कारण मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) वाढते आणि शिजवताना ते पिष्टाचे तुकडे करू लागते. तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना हे सत्त्व देण्याची रीत पडली त्यामागे हे मोठे कारण असावे; पेज पातळ राहत असल्याने तिच्यात जास्त धान्य मावते. शिवाय मोडांमुळे खनिजांना धरून ठेवणारे धान्यातले फायटेट कमी होऊन लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते.

हेच विकर केकमध्ये मात्र घात करते. एका नाताळात मी पिठाऐवजी कोरड्या पद्धतीचे सत्त्व वापरले. नाचणीत पीठ बांधून ठेवणारे गव्हासारखे ग्लुटेन नसते हे ठाऊक असल्याने निम्मी कणीकही घातली होती, तरी केक वरून भराभर करपल्यासारखा तपकिरी झाला आणि सुरी घातल्यावर मधला भाग खरवसासारखा थलथलीत निघाला. सत्त्व नीट भाजलेले नसावे. विकर जिवंत राहिले तर ओव्हन तापत असताना ते पिष्टाची साखर करत जाते, आणि साखर वाढली की वरचा रंगही लवकर चढतो. साक्याच्या सत्त्वाचा हा धोका नाही, कारण विकर बरेचसे ओतलेल्या पाण्याबरोबर जाते; पण त्याची बिस्किटे कोरडी आणि भुरभुरीत होतात आणि नाचणीचा खमंगपणा त्यांना अजिबात येत नाही.

म्हणून भाजण्याच्या पदार्थांना पीठच घ्यावे. ते पाणी सावकाश शोषते, त्यामुळे मिश्रण १५-२० मिनिटे झाकून ठेवावे, नाहीतर दाताखाली रवाळ लागते. किनाऱ्यावरच्या हवेत ते लवकर कुबट होते, तेव्हा थोडे थोडेच दळून आणावे. न्याहरीच्या दुधासाठी मात्र सत्त्व उजवे. सकाळच्या घाईत पीठ कच्चे राहते आणि घशाला खरखरते.

‘सत्त्व’ या शब्दाने मात्र आपल्याला चांगलेच फसवले आहे. धान्यातले उत्तम तेवढे पंच्याखाली उतरले, या समजुतीने आमच्याकडे वरचा तांबडा चोथा वर्षानुवर्षे शेजारच्या म्हशीपुढे जात होता, आणि त्याच्याबरोबर सालातले कॅल्शियमही. आता तो मी भाकरीच्या पिठात मळतो. भाकरी थोडी चिरते, पण भाजताना वास सुरेख सुटतो.