पन्नासची लेन्स (जुनी व नवी)

५० मिलिमीटर केंद्रांतराची, एफ १.८ अपर्चरची (प्रकाश आत येण्याचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) ऑटोफोकस लेन्स. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफर मंडळींच्या बोलण्यात ती ‘पन्नासची’ किंवा ‘फिफ्टी’. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन कर्णावर सुमारे ४६ अंश भरतो, म्हणून ती ‘स्टँडर्ड’. लहान सेन्सरवर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते. नवरीचा चेहरा टिपायला हे चांगलेच. पण वऱ्हाडाचा ग्रुप फोटो घ्यायला गेले की मागे सरकता सरकता पाठ कार्यालयाच्या भिंतीला लागते.

नव्या लेन्समध्ये काच चांगली असते, असा समज आहे. कॅननच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा. १९८७ ची पहिली, १९९० ची दुसरी आणि २०१५ ची एसटीएम (स्टेपिंग मोटरची) या तिन्हींत पाच गटांत सहा काचा, अशीच मांडणी आहे. एसटीएमचे कोटिंग सुधारले, पण बदलले ते मुख्यतः काचेभोवतीचे. पहिलीला धातूचे माउंट (कॅमेऱ्याला बसणारा जोड) आणि अंतर दाखवणारी खिडकी होती, वजन १९० ग्रॅम. दुसरीत दोन्ही गेले, माउंट प्लॅस्टिकचे झाले आणि वजन १३० ग्रॅमवर आले. ही हातातून निसटली की मधोमध दोन तुकडे होण्याबद्दल प्रसिद्ध. एसटीएमने धातूचे माउंट परत आणले, जवळात जवळचे फोकस ४५ सेंमीवरून ३५ वर आणले आणि अपर्चरची पाती पाचाची सात केली.

पात्यांचा फरक बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री डोळ्यांना दिसतो. एफ १.८ वर मागचे दिवे दोन्हींत गोलच येतात. एफ २.८ केले की दुसरीत त्यांचे पंचकोन होतात, एसटीएममध्ये ते बरेचसे गोल राहतात.

खरा फरक मोटरचा. दुसरीची छोटी मोटर घरघर करते आणि अंधारात फोकस शोधत मागेपुढे फिरत राहते. अंतरपाट दूर होतो तो क्षण तेवढ्यात निघून जातो. व्हिडिओ चालू असेल तर मंगलाष्टकांत तिचीही घरघर मिसळते. एसटीएम पुष्कळ शांत आहे. मात्र तिचे फोकस रिंग विजेवर चालते, कॅमेरा बंद असताना फिरवून उपयोग नाही. बाहेर आलेली नळी आत घेतल्याशिवाय ती पिशवीत टाकू नये.

ऑटोफोकस आले तेव्हा निकॉनने १९५९ चे एफ माउंट सोडले नाही, त्यामुळे तिथे मोटर बराच काळ लेन्समध्ये नव्हे, बॉडीत (कॅमेऱ्यात) होती. निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स (१५५ ग्रॅम) बॉडीतल्या स्क्रूवर फिरते. डी९० किंवा डी७००० या कॅमेऱ्यांवर ती चटकन फोकस करते. डी४०, तसेच डी३००० आणि डी५००० मालिकांत हा स्क्रूच नाही, तिथे हाताने फोकस करावे लागते. जुनी घेण्याआधी बॉडी पाहावी ती यासाठी. एएफ-डीचे अपर्चर रिंग २२ वर लॉक नसेल तर कॅमेरा ‘एफईई’ दाखवून अडून बसतो. लेन्स बिघडली म्हणून ती दुरुस्तीला नेण्याआधी एवढे तपासावे. २०११ च्या एएफ-एस जी मध्ये स्वतःची मोटर आली, रिंग गेले, आणि इथे काचही बदलली: सहा गटांत सात, त्यांतली एक ॲस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्राची). वजन १८५ ग्रॅम.

फिल्टरचे मापही पाहावे. कॅननची दुसरी व एएफ-डी यांना ५२ मिमी, एसटीएमला ४९, एएफ-एसला ५८.

सीमाभागात हवा आणि जत्रा दोन्ही लेन्सची परीक्षा घेतात. खानापूरकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. जुनी लेन्स विकत घेताना मोबाइलचा टॉर्च आरपार मारून पाहावा. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळतो तेव्हा पुढेमागे सरकणारी नळी ती बारीक हळद आत ओढते. एएफ-एसला माउंटपाशी रबराचे वलय आहे, कॅननच्या तिन्हींना नाही.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर जुन्या लेन्सचे भाग्य सारखे नाही. कॅननच्या तिन्ही लेन्स ॲडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने एएफ-डी तिथे हातानेच फिरवावी लागते.