ख्रिस्त सेवा संघ

ख्रिस्त सेवा संघ हा भारतीय आणि इंग्रज ख्रिस्ती सभासदांनी एकत्र राहून चालवलेला आश्रमी संघ. जॅक कॉप्ली विन्स्लो (१८८२–१९७४) या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) धर्मगुरूंनी तो १९२२ मध्ये स्थापन केला. विन्स्लो त्याआधी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात मिशनरी होते. पुण्यातील शिवाजीनगरचा आश्रम हे संघाचे पुढचे ठिकाण.

संघामागची अडचण साधी होती, पण ती जिव्हारी लागणारी होती. मिशनरी बंगल्यात राहणारा साहेब, आणि देशी उपदेशक त्याच्या हाताखालचा पगारदार. दोघे एकच सुवार्ता सांगत, पण ‘आपण सारे भाऊ’ हे वाक्य त्या बंगल्याच्या पायरीवरच अडायचे. ऐकणाऱ्यांना ते दिसत होते. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. हे धाडस आजही मोठे वाटते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. मात्र त्याची ओढ विन्स्लोंच्या मनात राहिली. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

संघात इंग्रज आणि भारतीय सभासद बरोबरीने राहत. अंगावर खादी, जेवण शाकाहारी, आणि तेही जमिनीवर बसून, एका पंगतीत. त्या काळच्या पुण्यात एका पंगतीला बसणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘आपण सारे भाऊ’ हे खरे का, याचे उत्तर कोणी उपदेश करण्याआधीच पाहुण्याला मिळत असे. उपासना, ध्यान आणि सेवा यांवर दिवसाची घडी बसवलेली होती. असिसीचे संत फ्रान्सिस यांचा साधेपणा डोळ्यांपुढे होता.

उपासनेचे रूपही इंग्रजी साच्यातून सोडवावे असे विन्स्लोंना वाटे. १९२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या मुख्य ख्रिस्ती विधीची भारतीय मांडणी सुचवली. त्यासाठी त्यांनी केरळच्या ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन सुरियानी (सिरियाक) परंपरेचा आधार घेतला.

१९२७ च्या सुमारास इंग्लंडहून तरुणांची तुकडी आली. आल्जी रॉबर्टसन आणि व्हेरिअर एल्विन हे त्यांतले. जानेवारी १९२८ मध्ये एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या विचारांनी भारावले. संघातलेच शामराव हिवाळे पुढे त्यांचे जन्माचे सोबती झाले. १९३२ मध्ये दोघांनी मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये काम सुरू केले. एल्विन नंतर चर्चपासून दूर गेले आणि मानववंशशास्त्राकडे वळले. रॉबर्टसन इंग्लंडला परतले. तिथे पुढे उभ्या राहिलेल्या सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस या अँग्लिकन संघाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. पुण्यात शिकलेला सहवास असा उलट दिशेने विलायतेला गेला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सगळे सुरळीत चालले असे नाही. ब्रह्मचर्याचे व्रत घेणारे आणि संसारी सभासद यांचा मार्ग एक ठेवणे जड गेले. १९३४ मध्ये संघ दुभंगला. व्रतस्थांच्या शाखेने ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हे नाव घेतले. विन्स्लोही त्याच वर्षी मायदेशी परतले.

१९७२ मध्ये शिवाजीनगरचा आश्रम नव्याने उभा राहिला. या वेळी अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक अशा दोन पंथांच्या भगिनी एका छपराखाली राहायला आल्या. वंदना माताजी आणि सारा ग्रँट ही त्यांतली ठळक नावे. अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासक असलेल्या ग्रँट यांनी आश्रमातच बायबल आणि उपनिषदे यांचा मेळ घालत चिंतन केले, आणि आश्रमाचे दार सर्व धर्मांच्या साधकांसाठी उघडे राहिले.