बाटली भरण्याआधी थांबा : घरी बिअर करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सामान घेऊन गेलेल्या ग्राहकांचे फोन आम्हाला बहुतेक दोनच वेळी येतात. पहिला फोन फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) भरल्याच्या दुसऱ्या दिवशी: "एअरलॉकमधून बुडबुडेच येत नाहीत, फुकट गेलं का सगळं?" दुसरा महिन्याभराने: "झाकण उघडलं आणि अर्धी बिअर छताला!" पहिल्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. यीस्टला जागं व्हायला एखादा दिवस लागतो, कधी दोन; शिवाय झाकण किंचित सैल असलं तर वायू तिथूनच निसटतो आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी, झाकणावरची झडप) गप्प राहतो, आत काम चालूच असतं. हे पत्रक दुसऱ्या फोनसाठी आहे. तो फोन आला की दुरुस्त करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

(घरी बिअर करण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. तुमच्याकडे परवानगी आहे ना, हे भांडं विस्तवावर चढवण्याआधीच पाहून घ्या.)

सामान

२० लिटरचा घाणा करायचा तर फर्मेंटर २५ ते ३० लिटरचा घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत वर फेसाचा जाड थर चढतो. भांडं काठोकाठ भरलेलं असलं तर तो एअरलॉकमधून बाहेर येऊन जमिनीवर पसरतो. काचेचं मोठं फुगीर भांडं दिसायला सुंदर, आतलं सगळं दिसतं, पण भरल्यावर उचलताना ओला हात सटकला की संपलं. पहिलं भांडं खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचंच घ्या, असं आम्ही काच विकत असूनही सांगतो. मात्र ते तारेच्या घासणीने घासू नका. एकेका चरेत जंतूंचं घर होतं आणि तिथे कुठलंच औषध नीट पोचत नाही.

बाकी यादी लहान आहे: एअरलॉक, हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारं तरंगतं उपकरण) आणि त्याची उभी नळी, थर्मामीटर, सायफन (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवायची नळी), खाली तोटी असलेली दुसरी बादली, टोकाला स्प्रिंगची झडप असलेली भरण्याची कांडी, झाकण दाबून बसवणारा कॅपर आणि झाकणं. यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा.

हायड्रोमीटर खोटं बोलत नाही, एअरलॉक बोलतो

यीस्ट घालण्याआधी घनतेची एक नोंद घ्या (पाण्याची १.०००), समजा १.०५० आली. आंबणं संपल्यावर १.०१० आली. फरक ०.०४०, त्याला १३१.२५ ने गुणलं की मद्याचं प्रमाण मिळतं, ५.२५ टक्के. नोंद घेताना हायड्रोमीटर नळीत हलकेच फिरवा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा फसवा येतो. द्रव काठाला थोडा वर चढलेला दिसतो. वाचायचं ते मधल्या सपाट पातळीवरून. नमुना गरम असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून उपकरणावर लिहिलेल्या तापमानापर्यंत तो निवू द्या. आणि नमुना परत भांड्यात ओतू नका, चाखा. न फसफसणारी, कोमट बिअर चाखून पुढचा अंदाज बांधायला हळूहळू जमतं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या अगदी सुरुवातीच्या घाण्याच्या वेळी आठव्या दिवशी एअरलॉक शांत झाला. नोंद घेतली, १.०१६. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) जरा जड होतं, एवढंच राहायचं असेल, असं स्वतःला समजावून बाटल्या भरल्या. खरं कारण वेगळंच होतं: त्या आठवड्यात गारठा पडला होता आणि यीस्ट झोपलं होतं. हवा तापली तसं ते जागं झालं. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. सकाळी पाहिलं तर हिरकुटाएवढी काच दाराच्या फळीत आतून रुतलेली. त्या फळीवरची ती खूण अजून आहे.

हिशेब असा. बिअरमधला वायू मोजायचं माप म्हणजे व्हॉल्यूम; एका लिटरमध्ये साधारण दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो एक व्हॉल्यूम. नेहमीच्या एलला (उबेत आंबणाऱ्या बिअरला) २.२ ते २.६ पुरतात. हायड्रोमीटरवरचा ०.००१ चा प्रत्येक टप्पा बाटलीत आंबला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम वाढतो. म्हणजे चारच टप्पे उरले असताना झाकण लावलं तर ठरवलेल्यापेक्षा दोन व्हॉल्यूम जास्त, जवळजवळ दुप्पट. साधी बाटली त्यासाठी बनवलेली नसते.

म्हणून नियम एकच: दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन नोंदी घ्या. दोन्ही सारख्या आल्या आणि आकडा तुमच्या पाककृतीतल्या शेवटच्या आकड्याजवळ असला, तरच बाटल्या काढा. सारख्या आल्या पण आकडा बराच वर अडकलाय, तर भांडं थोड्या उबदार जागी हलवा, अलगद हिंदकळा आणि आणखी आठवडाभर वाट पाहा.

साखर तोलून, चमच्याने नाही

२० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये आधीच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम वायू मुरलेला असतो. २.४ हवे असतील तर उरलेले दीड बाटलीत आंबणाऱ्या साखरेतून यायला हवेत. एका व्हॉल्यूमला लिटरमागे साधारण चार ग्रॅम साधी साखर लागते, म्हणजे लिटरला सहा ग्रॅम. २० लिटरच्या घाण्यातून गाळ वजा जाता १९ लिटर हाती आले तर सुमारे ११५ ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) वापरत असाल तर दहा-पंधरा टक्के जास्त.

एकेका बाटलीत चमचा-चमचा साखर घालायची सवय सोडा. एक चमचा सपाट, दुसरा शीग लावलेला, मग एक बाटली मिळमिळीत आणि शेजारची कारंजं. सगळी साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, निववा, तोटीच्या बादलीच्या तळाशी ओता आणि वरून सायफनने बिअर सोडा. नळी बादलीच्या कडेला वळवून ठेवली की बिअर गोल फिरत चढते आणि साखर आपोआप मिसळते. शेवटी निर्जंतुक चमच्याने एकदा हळूच ढवळा. खळखळाट नको. आंबणं संपल्यावर हवा मिसळली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

बाटल्या आणि झाकणं

मळकी बाटली निर्जंतुक होत नाही. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. धुतलेली बाटली उजेडासमोर धरून तळ आणि मानेखालचं कडं पाहा. तिथे पांढरट वलय दिसलं तर ती बाजूला. वासाचा साबण टाळा, त्याचा पापुद्रा राहिला की पेल्यात फेस टिकत नाही. फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर वापरलंत तर आतला फेस पाहून घाबरू नका, तो विसळायचा नसतो. प्रमाण मात्र डब्यावर लिहिलेलंच घ्या. ब्लीच वापरलंत तर भरपूर विसळावं लागतं, आणि ब्लीच व आम्ल कधीही, चुकूनही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंग तपकिरीच हवा. हॉप्समधला (बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांमधला) कडवटपणा उजेडात मोडतो आणि उग्र, गंधकी वास येतो. हिरवी वा पारदर्शक काच हे थांबवत नाही. फिरकीच्या आट्यांच्या मानेवर साधं झाकण नीट बसत नाही, तशा बाटल्या घेऊ नका. पातळ, एकदाच वापरायच्या बाटल्याही नकोत.

दातेरी क्राउन झाकण विल्यम पेंटर यांनी शोधलं, १८९२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज त्याला २१ दाते असतात. बहुतेक बाटल्यांना २६ मिलिमीटरचं झाकण लागतं, काहींना २९ चं. खरेदीआधी एक बाटली आमच्याकडे घेऊनच या. दोन दांड्यांचा हातातला कॅपर मानेखालच्या कड्याला पकडतो, त्यामुळे ते कडं नसलेल्या बाटलीवर तो घसरतो. दोन्ही दांडे एकदमच दाबा. एक आधी दाबला की झाकण तिरकं बसतं. मग झाकण बोटांनी फिरवून पाहा. फिरलं, तर ते बसलेलं नाही.

भरताना कांडीचं टोक तळाला टेकवा आणि बिअर अगदी तोंडापर्यंत येऊ द्या. कांडी बाहेर काढली की वर दोन-अडीच सेंटीमीटर जागा आपोआप राहते, तेवढी बरोबर.

एक युक्ती आम्ही स्वतः पाळतो: प्रत्येक घाण्यात एक बाटली प्लास्टिकची भरायची. ती दाबून पाहिली की आत किती वायू झालाय ते न उघडताच कळतं. दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार. त्यानंतरही ताणत गेली, तर सावध व्हा.

वाट पाहणं

२० ते २४ अंशांवर, अंधारात, बंद खोक्यात दोन आठवडे. मग एक-दोन दिवस फ्रिजमध्ये. वायू बिअरमध्ये नीट मुरतो तो थंडीतच. आठवड्याने एक बाटली उघडलीत आणि ती मिळमिळीत लागली, तर फोन करू नका, उरलेला आठवडा थांबा.

उघडताच फवारा उडाला, तर बाकीच्या उबदार बाटल्यांना उघड्या हाताने हात लावू नका. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अख्खं खोकं थंड जागी. पूर्ण गार झाल्यावर एकेक बाटली मोरीत उघडा. सगळ्याच बाटल्यांचा फवारा उडत असेल तर साखर जास्त झाली, आंबणं अर्धवट राहिलं किंवा फर्मेंटरमध्येच काही शिरलं. दोन-चारच बाटल्या तशा निघाल्या, तर त्या बाटल्याच नीट धुतल्या गेल्या नव्हत्या.

ओतताना तळातला पिवळट थर हा यीस्टचा गाळ, तो बिघाड नाही. पेला तिरका धरून एकाच धारेत ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. बाटली रिकामी झाली की पेला उचलण्याआधी ती गरम पाण्याने विसळून उलटी ठेवा. हा गाळ रात्रभर वाळला तर पुढच्या घाण्याच्या दिवशी तो खरवडत बसावं लागतं.