पिवळा आणि निळा सारखेच उजळ?

स्पेसबार दाबला की पाच रंग हजर! कूलर्ससारख्या संकेतस्थळांमुळे लग्नपत्रिकेपासून ॲपपर्यंत सगळ्यांची रंगसंगती चुटकीसरशी ठरते. पट्ट्या शेजारीशेजारी देखण्या दिसतात. मजकूर टाकला की मात्र घोळ होतो. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं ठसठशीत, पिवळीवर तीच गायब.

म्हणून अशा टूलमध्ये मी आधी एकच गोष्ट बघतो: ते रंगाचा उजळपणा मोजतं कसं?

अनेक टूल्स १९७८ सालच्या एचएसएल पद्धतीवर चालतात. तिचं गणित शाळकरी आहे. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहितात. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घ्यायचा, त्यांची सरासरी म्हणजे उजळपणा. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. दोघांचंही उत्तर ५० टक्के! कुणीही स्क्रीनकडे बघून सांगेल की हे साफ चूक आहे.

चूक होते, कारण डोळा तिन्ही रंगांना सारखा भाव देत नाही. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या संख्येने थोड्या, आणि उजेडाच्या जाणिवेत त्यांचा वाटा नगण्य. दृष्टिपटलावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, त्या जागेच्या मध्यभागी तर त्या जवळपास नसतातच. त्यामुळे स्क्रीनच्या प्रकाशाची तेजस्विता काढताना हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२ वजन देतात. या हिशेबाने पिवळा ०.९२७८ वर जातो, निळा ०.०७२२ वरच राहतो. म्हणजे जवळजवळ तेरापट फरक. (ही वजनं २५५ पैकीच्या आकड्यांना थेट लावायची नसतात. आधी त्यांचं प्रत्यक्ष प्रकाशात रूपांतर करावं लागतं, कारण १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, सुमारे २२ टक्केच.)

आता अक्षरं आणि पट्टी या दोन रंगांच्या तेजस्वितेत ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागा, की कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांतला उजेडाचा फरक, निघतो. पांढऱ्याशी निळ्याचा ८.५९, पिवळ्याचा १.०७. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो.

ब्यॉर्न ओटोसन या अभियंत्याने २०२० मध्ये मांडलेली ओकेलॅब ही रंग मोजण्याची पद्धत डोळ्याच्या बाजूने विचार करते. तिच्यात पिवळ्याचा उजळपणा सुमारे ९७ टक्के, निळ्याचा ४५. तिचंच ओकेएलसीएच हे रूप आता वेबपानांची मांडणी आणि रंग ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतही आहे. ज्या टूलमध्ये ते आहे आणि कॉन्ट्रास्टचा आकडा समोर दिसतो, ते माझ्या लेखी चांगलं. ‘निळा विश्वासाचा, लाल भुकेचा’ असली कोष्टकं देणाऱ्या टूल्सना मी राशिभविष्याच्या रकान्याइतकीच किंमत देतो. ‘एआयने निवडलेले रंग’ या पाटीलाही तेवढीच.

अर्थात ओकेएलसीएच आलं म्हणून पिवळा वठणीवर येत नाही. त्यावर पांढरी अक्षरं वाचता यावीत म्हणून लाल आणि हिरवा २५५ वरून साधारण १२२ पर्यंत उतरवावे लागतात, आणि तिथे पोचेपर्यंत पिवळ्याचा पार शेवाळी झालेला असतो. ग्राहकाला पिवळाच हवा असेल, तर अक्षरं काळी करा.