पोस्टर खरं बोलतं, पण कोणाशी?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात. मागच्या आखाजीला झोक्याशेजारच्या ओट्यावर एक पोर नुसती बसून होती, वय १७, सातवा महिना. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, तिला समजावत होत्या की रक्त कमी आहे, वय लहान आहे, जपायला पाहिजे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई समदं खरं शे ताई, पन माले कोन इचारस?" म्हणजे, हे सगळं खरं आहे, पण मला कोण विचारतं?

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

धोका खराच आहे. विशीच्या आतल्या आईला बीपी वाढून झटके येण्याची, गर्भाशयात इन्फेक्शन होण्याची शक्यता जास्त असते, बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होऊ शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या नाहीतर गरोदर होत्या, देशाचा आकडा ६.८, म्हणजे आपण त्याच्याही वर.

मग पोस्टरवर हाच धोका दाखवून भीती घातली की काम होतं का? ऑस्ट्रेलियात पर्थच्या ५७ शाळांत एक प्रयोग झाला, १३ ते १५ वर्षांच्या मुलींना रात्री-बेरात्री रडणारी, दूध मागणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली सांभाळायला दिली, हेतू हा की आईपण किती अवघड असतं ते कळावं. पुढे त्या २० वर्षांच्या होईपर्यंत नोंदी तपासल्या तर बाहुलीवाल्या गटात १७ टक्के मुली गरोदर राहिलेल्या, बाहुली न दिलेल्या गटात ११ टक्के! हे २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हेतू चांगला, परिणाम उलटा, म्हणून मेसेज आधी तपासून बघावाच लागतो.

किम विट्टे या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये मांडलं होतं की धोका मोठा दाखवला आणि त्यातून सुटायचा जमणारा मार्ग दिला नाही, तर माणूस धोक्याचं काही करत नाही, तो फक्त भीती आवरतो, म्हणजे कान बंद करतो. आता आपल्या पोरीकडे कोणता मार्ग आहे? लग्न ठरवतो बाप आणि आजी, पहिलं बाळ कधी ते सासू आणि नवरा. आणि मेसेज मात्र फक्त तिला!

म्हणून मला वाटतं प्रत्येकाला वेगळं सांगायला हवं. बापाला सरळ सांगा की १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, पोरीला १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर पाठ असू द्या, नवऱ्याला निरोध आणि छाया ही गर्भनिरोधक गोळी आशाताईंकडे मिळते हे कोणीतरी पुरुषानेच सांगा. भाषा घरातली हवी, इकडे अहिराणी, वर सातपुड्यात पावरी. आणि वेळ बघा, ऊसतोडीला गुजरातेत जायच्या आधी काही घरांत "पोर एकटी कुठे ठेवायची" म्हणून घाईने लग्न उरकतात, तेव्हा तिथे पोचायला पाहिजे, नंतर पोस्टर लावून काय होणार?

यंदा आशाताई आखाजीची वाट बघणार नाहीयेत, सोयरिकी जुळायच्या दिवसातच आज्यांना ओट्यावर गाठणार आहेत, त्या १७ वर्षांच्या पोरीच्या सासूला सोबत घेऊन.