उणे चाळीस अंशांत घामाचे भय

कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशात 2003 पासून ‘युकॉन आर्क्टिक अल्ट्रा’ ही हिवाळी शर्यत भरते. तिची सर्वांत मोठी स्पर्धा अनेक वर्षे व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी अशी सुमारे 690 किलोमीटरची होती. गोठलेल्या नद्यांवरून आणि निर्मनुष्य जंगलांतून स्पर्धक पायी, स्कीवर किंवा सायकलवर जातात. पायी जाणारे झोपण्याची पिशवी, स्टोव्ह आणि अन्न कमरेला जोडलेल्या स्लेजवरून, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या बिनचाकी गाडीवरून, ओढत नेतात. कडाक्याच्या थंडीत बर्फाच्या कणांवर पाण्याचा निसरडा थर नीट तयार होत नाही, त्यामुळे ही स्लेज वाळूतून ओढल्यासारखी जड लागते.

हे ओझे ओढताना स्नायूंत इतकी उष्णता निर्माण होते की उणे 30 अंशांतही घाम फुटतो, आणि माझ्या मते या शर्यतीतला सर्वांत फसवा धोका तोच आहे. कपड्यांची ऊब त्यांच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे टिकते; त्या हवेची जागा पाण्याने घेतली की, पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे, तेच कपडे अंगातली ऊब शोषून घेऊ लागतात. चालत असेपर्यंत हे फारसे जाणवत नाही, पण थांबल्यावर काही मिनिटांतच हुडहुडी भरते. म्हणून जाणते स्पर्धक चढ लागण्याआधीच एक थर उतरवतात आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पिसांचे जाड जाकीट चढवतात.

शरीराचा गाभा, म्हणजे छाती-पोटातला आतला भाग, गार होऊ लागला की बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा आटतो. गार पडलेल्या बोटांतल्या रक्तवाहिन्या एरवी काही मिनिटांच्या अंतराने थोड्या वेळासाठी पुन्हा रुंदावतात. ब्रिटिश वैद्यक-संशोधक थॉमस लुइस यांनी 1930 मध्ये नोंदवलेली ही संरक्षक लाट गाभा थंडावल्यावर क्षीण होते आणि हिमदंशाची, म्हणजे त्वचा व मांस गोठण्याची, वाट मोकळी होते. त्यात वारा भर घालतो: उणे 30 अंशांत ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 46 अंशांसारखी झोंबते.

गाभ्याचे तापमान 35 अंशांखाली घसरले की विचारशक्तीही मंदावते, आणि आपण धोक्यात आहोत हे त्या माणसाला स्वतःला उमगेनासे होते. त्यामुळेच वाटेतल्या तपासणी नाक्यांवर स्पर्धकांची बोटे पाहिली जातात, आणि त्यांची इच्छा असली तरी काहींना तिथेच थांबवले जाते.