तुटलं की मोडलं?

चष्मा हातातून निसटला, त्यावर नेमका कुणाचा तरी पाय पडला आणि त्याचा निकाल लागला. आता काय काय झालं ते सांगा. काच फुटली, काडी मोडली आणि गळ्यात अडकवायची दोरी तुटली. वस्तू एक, अपघात एक, क्रियापदं मात्र तीन. काच मोडली किंवा दोरी फुटली म्हणून पाहा, कान लगेच तक्रार करतात. हिंदीत हे सगळं एका ‘टूटना’वर भागतं, मराठीला ते चालत नाही.

यातलं ‘फुटणे’ ओळखायला सोपं. पोकळ, भरलेलं किंवा ठिसूळ असेल ते फुटतं: मडकं, फुगा, काच, झालंच तर राजकीय पक्ष. खरा घोळ होतो तो तुटणे आणि मोडणे यांच्यात.

दोघांचे शेजारी बघितले की फरक कळतो. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ म्हणतात आणि ‘मोडेन पण वाकणार नाही’ असंही म्हणतात. म्हणजे तुटण्याच्या आधी ताण असतो, मोडण्याच्या आधी वाक. दोरी, तार, धागा, साखळी यांना स्वतःचा ताठपणा नाही, त्यांचं काम दोन टोकं जोडून ठेवणं. म्हणून त्या तुटतात. काठी, सुई, चावी, पेन्सिलीचं टोक ताठ असतं, म्हणून ते मोडतं. तुटण्यात जोड जातो, मोडण्यात घडण जाते. मोडलेली फांदी सालीला धरून झाडावरच लोंबत असू शकते. तुटलेली फांदी खाली पडलेली असते.

हाडांच्या बाबतीत तर हा फरक जिवावर बेतणारा आहे. ‘पाय मोडला’ म्हणजे हाड मोडलं, प्लास्टर घालतील, काही आठवड्यांनी माणूस चालू लागेल. ‘पाय तुटला’ म्हणजे पाय शरीरापासून वेगळा झाला. फोनवर अशी बातमी देताना कृपा करून योग्य क्रियापद वापरावं, ऐकणाऱ्याचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो.

शंका आली तर ‘पासून’ लावून बघायचं. डबा गाडीपासून तुटतो, गाव जगापासून तुटतं, मुलगा घरापासून तुटतो. कुणी कशापासून ‘मोडत’ नाही. ‘तुटणे’ला दुसरं टोक लागतंच. त्याचं मूळ संस्कृत ‘त्रुट्’मध्ये आहे, ‘त्रुटी’ त्याची बहीण. तूट, तुटवडा, तुटपुंजी हे शब्द बघा, सगळीकडे काहीतरी कमी पडलेलं आहे.

मोडणाऱ्या गोष्टींची यादी फार गमतीची आहे. झोप मोडते, नियम मोडतो, उपवास मोडतो, ठरलेलं लग्न मोडतं, भरलेला बाजार मोडतो. यातलं काहीच हाताला लागत नाही, पण प्रत्येकाला एक ठरलेली घडण आहे आणि ती विस्कटते. म्हणून नातं तुटतं पण संसार मोडतो: नातं हा धागा, संसार ही मांडणी. मनाचं तर बारकाईनंच बघावं लागतं. ‘तिचं मन मोडवेना’ म्हणजे तिच्या इच्छेला नाही म्हणवेना. ‘तिचं मन तुटलं’ म्हणजे माया संपली. पहिल्याची समजूत काढता येते, दुसऱ्याचं कठीण. आणि ‘काडीमोड’? तिथे नातंच तुटतं, पण शब्दात मोडलेली दिसते ती काडी. काडी ताठ असते, त्यामुळे आपला नियम शाबूत.

शिवाय मोडणं नेहमी वाईट नसतं. नव्या साडीची घडी मोडतात, म्हणजे ती पहिल्यांदा नेसतात. मोठी नोट मोडून सुटे घेतात. दागिना मोडतात, मुदत ठेव मोडतात. वस्तूचं रूप जातं, मोल हातात येतं. मोडी लिपीच्या नावाचीही रूढ फोड अशीच आहे: अक्षरांची उभी-आडवी ठेवण मोडून, हात शक्यतो न उचलता लिहायची ती मोडी.

व्याकरणातही एक गंमत दडलेली आहे. आपोआप झालं तर तुटणे, कुणी केलं तर तोडणे, तसंच फुटणे-फोडणे. मोडणे मात्र दोन्हीकडे तेच. खुर्ची मोडली. त्याने खुर्ची मोडली. दार उघडणे, पाणी भरणे हेही याच जातीचे. घरातली लहान मुलं व्याकरण न शिकताच याचा फायदा घेतात. ‘दोरी तोडली’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न आलाच. ‘खुर्ची मोडली’ एवढंच म्हटलं तर ती आपली आपणच मोडल्यासारखी वाटते.

अलीकडे हा भेद पुसट होतोय. ‘रेकॉर्ड तोडला’, ‘नियम तोडला’ सर्रास ऐकू येतं, सरळ हिंदीतून उचललेलं. मराठीत विक्रम मोडतात, नियमही मोडतात. या दोन ठिकाणी मी अडून बसतो. ‘सिग्नल तोडला’पुढे मात्र हात टेकलेत. ते इतकं रुळलंय की ‘सिग्नल मोडला’ म्हटलं तर समोरच्याला गाडी खांबावर आदळल्यासारखं वाटतं.